नागपूरचा नागरी वारसा व पर्यटन

विदर्भातील नागपूर हे शहर नाग नदीच्या काठी वसले असून तिच्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. ते अनुक्रमे देवगडच्या गोंड राजांची, नागपूरकर भोसल्यांची आणि ब्रिटिशांच्या मध्य प्रांताची राजधानी होते. या तिन्ही राजवटींनी आपापल्या खुणा शहरात मागे ठेवल्या. नदी, तलाव, पेठा, वाडे, मंदिरे, शासकीय इमारती आणि लोकपरंपरा यांतून शहराचा नागरी वारसा घडला आहे. हा वारसा जतन करून त्याच्या आधारे पर्यटन वाढविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत आहेत. तथापि त्यांना मिळालेले यश मर्यादित आहे. त्याची कारणे शहराच्या जडणघडणीतच बऱ्याच अंशी आढळतात.

पूर्वेतिहास : देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी (सु. १७०२) नाग नदीकाठच्या बारा लहान वाड्या एकत्र करून नागपूर वसविले. या वाड्यांच्या समूहास ‘राजापूर बारसा’ म्हणत. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या चांद सुलतानाने राजधानी देवगडहून येथे आणली, शहराभोवती तट बांधला आणि ओढ्याचे पाणी अडवून जुम्मा तलाव तयार करविला. तटाला असलेल्या दरवाजांपैकी जुम्मा दरवाजा अद्याप उभा आहे. तलाव पुढे शुक्रवारी तलाव म्हणून आणि स्वातंत्र्यानंतर गांधीसागर म्हणून ओळखला जाऊ लागला; दरवाजासही गांधी द्वार हे नाव मिळाले. एकाच जलाशयाच्या या तीन नावांत शहराच्या राजकीय स्थित्यंतराचा सारांश आढळतो.

चांद सुलतान १७३९ मध्ये मरण पावल्यावर गादीसाठी तंटा सुरू झाला. त्यात मध्यस्थी करण्याच्या निमित्ताने पहिल्या रघूजी भोसल्याचा येथे प्रवेश झाला आणि १७४३ पर्यंत सत्ता पूर्णपणे त्याच्या हाती आली. गोंड राजाला मात्र त्याने पदच्युत केले नाही. त्याला नाममात्र राजपद व तनखा देऊन शहरातच ठेवले. त्यामुळे महाल भागातील गोंड राजाचा किल्ला आणि भोसल्यांचा राजवाडा अशी दोन राजस्थाने एकाच वस्तीत शेजारी नांदली. भोसल्यांच्या कारकीर्दीत शहराचा विस्तार झाला. आठवड्याच्या बाजारांवरून नावे पडलेल्या इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी इ. पेठा भरभराटीस आल्या. तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव येथील तलाव व बागा, सरदारांचे लाकडी कोरीव कामाचे वाडे आणि शिल्पांनी नटलेली दगडी मंदिरे ही या काळाची देणगी होय. काळ्या बेसॉल्ट दगडाचा व लाकडी नक्षीकामाचा भोसल्यांचा मुख्य राजवाडा १८६४ मध्ये आगीत भस्मसात झाला व त्याचा नगारखाना तेवढा वाचला. शुक्रवारी भागात भोसले घराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत.

ब्रिटिश राजवट : दुसऱ्या रघूजीचा १८०३ मध्ये अडगाव येथे पराभव झाल्यावर देवगावच्या तहाने भोसल्यांचा बराच प्रदेश गेला. त्यानंतर नागपुरात ब्रिटिश रेसिडेंट राहू लागला. रेसिडेन्सी शहराच्या तटाबाहेर, पश्चिमेस सीताबर्डीच्या टेकड्यांजवळ होती. तेथेच २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्याचे सैन्य आणि संख्येने त्याहून पुष्कळच लहान असलेली ब्रिटिश तुकडी यांच्यात लढाई झाली. तीत ब्रिटिशांचा जय झाला आणि त्यांनी या टेकड्यांवर पक्की तटबंदी केली. तिसरा रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक मरण पावला. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजघराण्याचे जडजवाहीर, हत्ती-घोडे आणि इतर चीजवस्तू लिलावात विकण्यात आल्या. जुन्या राजधानीच्या जंगम वारशाची पांगापांग अशा रीतीने ब्रिटिश अंमलाच्या आरंभीच झाली.

मध्य प्रांताची १८६१ मध्ये स्थापना होऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली. यानंतर शहराला दोन तोंडे फुटली. पूर्वेस महाल, इतवारी व शुक्रवारी यांचे दाट वस्तीचे जुने नागपूर राहिले. पश्चिमेस सीताबर्डीपलीकडे रुंद रस्ते, मोठी आवारे व झाडी असलेली सिव्हिल लाइन्स ही अधिकाऱ्यांची वसाहत उभी राहिली. १८६७ मध्ये मुंबईहून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथे पोहोचली आणि रुळांमुळे हे विभाजन अधिकच ठळक झाले. जमशेटजी टाटा यांनी जुम्मा तलावालगतच्या दलदलीच्या जागी एम्प्रेस मिल उभारली आणि १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. कापूस, रेल्वे व गिरणी यांच्या आधारे शहराची वाढ होऊन १९०१ मध्ये लोकसंख्या १,२७,७३४ झाली.

याच काळातील वास्तूंनी आजच्या वारसा-यादीचा मोठा भाग व्यापलेला आहे. मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले. लोक त्यास ‘अजब बंगला’ म्हणतात. स्कॉटिश मिशनरी व भूवैज्ञानिक स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) याने या प्रदेशातील जीवाश्म, खनिजे व आदिवासी जमाती यांचा अभ्यास केला. टाकळघाट येथील बृहदश्मयुगीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडून मरण पावला. १८८३ मध्ये स्थापन झालेले हिस्लॉप महाविद्यालय त्याच्या स्मरणार्थ आहे. रेल्वेस्थानकाच्या दगडी इमारतीचे उद्‌घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर फ्रँक स्लाय याच्या हस्ते झाले. उच्च न्यायालयाच्या इमारतीचा आराखडा, दिल्लीत लट्यन्झ व बेकर यांच्या हाताखाली काम केलेल्या एच्. ए. एन्. मेड या वास्तुविशारदाने केला. तिची कोनशिला ९ जानेवारी १९३७ रोजी बसविण्यात आली आणि ६ जानेवारी १९४० रोजी तिचे उद्‌घाटन झाले. घुमट, स्तंभ व आवाराची मांडणी यांत नव्या दिल्लीच्या वास्तुशैलीची छाया स्पष्ट दिसते. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ तेथे भरते.

सीताबर्डीनजीकचा शून्य मैलाचा दगड (झीरो माइल) हा सर्वांत प्रसिद्ध असूनही सर्वांत चुकीचा समजला गेलेला अवशेष आहे. तो भारताचा मध्यबिंदू दाखवितो आणि देशातील सर्व अंतरे तेथून मोजली जात, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः १९०७ च्या सुमारास बृहत् त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या तलमापनासाठी, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरविण्यासाठी, ठेवलेली ती एक प्रमाणभूत खूण आहे. वालुकाश्माचा स्तंभ, घोड्यांच्या प्रतिमा आणि भोवतालच्या गावांची अंतरे कोरलेला दगड असे त्याचे स्वरूप आहे. मध्यबिंदूच्या आख्यायिकेने त्यास लोकप्रियता मिळवून दिली. परंतु सर्वेक्षणाच्या शास्त्रीय उद्योगातील त्याचे खरे स्थान मात्र त्यामुळे झाकले गेले.

राजधानीपदाचा अस्त : १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरविण्याची प्रथा पुढे पडली व १९६० नंतर नागपूर ही महाराष्ट्राची उपराजधानी झाली. सचिवालय, विधान भवन, राजभवन इ. इमारती त्यामुळे वापरात राहिल्या. वापरातली इमारत टिकते, हा नियम येथे चांगला प्रत्ययास येतो. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. यांतील बहुतेक वास्तू कार्यालये, न्यायालये वा लष्करी ठाणी असल्याने सामान्य प्रेक्षकास त्या बाहेरूनच पाहाव्या लागतात. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून तो २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांसाठी खुला करण्याची प्रथा आहे.

महाल भागातील खाजगी वाड्यांना असा राजाश्रय लाभला नाही. वाटण्या, भाडेनियंत्रणामुळे थकलेले व अपुरे भाडे, दुरुस्तीचा भारी खर्च, लाकूडकाम करणाऱ्या जुन्या कारागिरांची उणीव आणि जमिनीच्या वाढत्या किंमती या कारणांमुळे एकामागून एक वाडे पाडले गेले. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली व तिच्या विस्तीर्ण आवारात पुढे व्यापारी संकुल व निवासी इमारती उभ्या राहिल्या. ज्या गिरणीपासून टाटा उद्योगसमूहाच्या कापड व्यवसायाचा पाया घातला गेला आणि ज्या गिरणीवर शहरातील कामगारांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, तिची स्मृती संकुलाच्या नावापुरती उरली. औद्योगिक वास्तू हाही वारसा असतो, ही जाणीव येथे वेळेवर झाली नाही.

कायदेशीर संरक्षण : प्राचीन स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे; परंतु त्यांच्या कक्षेत शहरातील फार थोड्या वास्तू येतात. राहत्या शहरातील इमारतींसाठी नगररचना कायद्याचा आधार घेण्याचा मार्ग देशात प्रथम मुंबईने १९९५ च्या वारसा-नियमावलीने दाखविला. त्याच धर्तीवर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याखाली नागपूरसाठी २००३ मध्ये वारसा-यादी प्रसिद्ध झाली. तीत सु. दीडशे वास्तू व परिसर तीन श्रेणींत घालण्यात आले आणि सल्ल्यासाठी वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली. पहिल्या श्रेणीतील वास्तूत सहसा कोणताही बदल करता येत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणींत समितीच्या मान्यतेने मर्यादित बदल करता येतात.

या व्यवस्थेतील मुख्य उणीव आर्थिक आहे. यादीत नाव आल्याने मालकावर बंधने येतात, परंतु डागडुजीचा भार त्याच्यावरच राहतो. म्हणून नाव वगळून घेण्याकडे अनेकांचा कल असतो आणि वास्तू आपोआप मोडकळीस येऊ देणे हा त्याचा आडमार्ग होतो. हस्तांतरणीय विकास हक्क, मालमत्ता करात सूट आणि दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज हे उपाय शास्त्रात ठाऊक आहेत. ते मालकाच्या हाती प्रत्यक्ष पडल्याशिवाय यादीचे कागद इमारत सावरू शकत नाहीत.

नदीची अवस्था : नाग नदी शहराच्या पश्चिमेकडील लाव्हा टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून पुढे वाहते, शहराच्या मध्यातून पूर्वेस जाऊन पिवळी नदीला व पुढे कन्हान नदीला मिळते. कन्हान वैनगंगेस मिळत असल्याने शहराचे सांडपाणी गोसीखुर्द धरणाच्या जलाशयापर्यंत पोहोचते. ज्या नदीने शहराला नाव दिले तिला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकव्यवहारात ‘नाला’ म्हणू लागले. तिचे घाट व काठची मंदिरे इमारतींच्या पाठीमागे दडली आणि शहराने नदीकडे पाठ फिरविली. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली १,९२५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्पाचा कोनशिला समारंभ ११ डिसेंबर २०२२ रोजी झाला. त्यानंतर २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरून मोठी हानी झाली. तलाव, सांडवे व नदीपात्र यांची जुनी रचना केवळ शोभेची नव्हती, शहराच्या सुरक्षिततेचा तो भाग होता, याची या पुराने आठवण करून दिली. तेलंगखेडी (फुटाळा) तलावातील कारंज्यांवरून व प्रेक्षागारावरून उद्‌भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुन्या जलाशयांचा पर्यटनासाठी वापर कोठवर करावा, हा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला.

पर्यटनाचे स्वरूप : महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. नागपूरच्या संदर्भात पर्यटनाचा भर मुख्यतः वन्यजीवांवर राहिला. ताडोबा-अंधारी व पेंच या व्याघ्र प्रकल्पांकडे जाणारे प्रवासी नागपूरच्या विमानतळावर किंवा स्थानकावर उतरतात आणि बहुधा शहर न पाहताच पुढे जातात. रामटेकची मंदिरे, मनसरचे उत्खनन आणि काटोल मार्गावरील जुनापाणी येथील शिलावर्तुळे ही जवळची स्थळेही या वाटेवर फारशी जोडली गेलेली नाहीत. नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये वसविलेली कामठी छावणी हे वसाहतकालीन नदीकाठच्या गावाचे उत्तम उदाहरण होय. परंतु तेथे जाणारे बहुसंख्य यात्रेकरू १९९९ मध्ये उभारलेल्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरासाठी जातात.

नागपुरात सर्वाधिक लोक ज्या स्मृतिस्थळाकडे येतात ते वारसा-पर्यटनाच्या आराखड्यातून निर्माण झालेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती दीक्षाभूमी हे ते स्थळ होय. तेथील भव्य स्तूपाचे उद्‌घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी झाले. धम्मचक्र प्रवर्तनदिनी तेथे दरवर्षी लाखो लोक जमतात. त्यांच्यासाठी भोजन, निवारा व पाणी यांची सोय शहरातील स्वयंसेवी मंडळे करतात आणि पुस्तकांची मोठी विक्री हे या मेळाव्याचे वैशिष्ट्य आहे. जुलै २०२४ मध्ये भूमिगत वाहनतळाच्या खोदकामाने स्तूपास धोका पोहोचेल, या भीतीने अनुयायांनी तीव्र आंदोलन केले आणि शासनास ते काम थांबवावे लागले. सोयी कोणत्या व कोठे असाव्यात, याचा निर्णय त्या स्थळाला आपले मानणाऱ्यांना वगळून घेता येत नाही, हा या घटनेचा बोध आहे.

अमूर्त वारशाबाबतही हेच दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरात काळी व पिवळी मारबत यांच्या मिरवणुका निघतात व त्यांच्यासोबत चालू घडामोडींवर टीका करणारे ‘बडगे’ असतात. रोगराई व अरिष्ट घेऊन जाण्याचे आवाहन त्यांस केले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेली ही प्रथा, तसेच लहान मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा, हे या शहराचे खास उत्सव होत. ते पाहण्यास येणाऱ्या मनुष्याला महाल व इतवारीच्या अरुंद गल्ल्यांतूनच जावे लागते. म्हणजे जुन्या शहराचे दर्शन त्यास आपोआप घडते.

अन्यत्रचे अनुभव : अहमदाबादेत १९९७ पासून महानगरपालिकेने जुन्या पोळांमधून पायी वारसा-फेरी सुरू केली. तिच्यामुळे रहिवाशांनाच प्रथम आपल्या घरांचे मोल कळले. २०१७ मध्ये युनेस्कोने त्या शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तो मान मिळालेले ते भारतातील पहिले शहर होय. हुगळी नदीकाठच्या श्रीरामपूर येथे डेन्मार्कची वसाहत होती (१७५५–१८४५). तेथील सेंट ओलाव्ह चर्चच्या जीर्णोद्धारास २०१६ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला आणि डेन्मार्क टॅव्हर्न ही पडकी पांथशाळा दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उपाहारगृह म्हणून पुन्हा वापरात आली. मलेशियातील मलाक्का येथे पोर्तुगीज, डच व ब्रिटिश राजवटींच्या वास्तू नदीकाठी आहेत. तेथे नदीची स्वच्छता आणि काठांची दुरुस्ती हा नगरवारशाच्या पुनरुज्जीवनाचा भागच मानला गेला. मात्र युनेस्कोच्या २००८ च्या मान्यतेनंतर वाढलेल्या पर्यटकांमुळे जुन्या रहिवाशांवर पडलेला ताणही तेथे चर्चिला गेला आहे. लहान दुरुस्ती, रोजचा वापर आणि रहिवाशांचा सहभाग हे तिन्ही उदाहरणांतील समान सूत्र आहे.

मूल्यमापन : नागपुरात काही अनुकूल गोष्टी घडल्या आहेत. मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालय (२००२) बंगाल-नागपूर रेल्वेचा इतिहास जपते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो रेल्वेची स्थानके सीताबर्डी, कस्तुरचंद पार्क व शून्य मैल या ठिकाणी असल्याने मुख्य वास्तू पायी फिरण्याच्या टप्प्यात आल्या आहेत. रेल्वेस्थानकाच्या सु. ५९० कोटी रुपयांच्या पुनर्विकासाची कोनशिला २०२२ मध्ये बसली. त्या कामात १९२५ ची दगडी दर्शनी इमारत कशी सांभाळली जाते, यावर शहराच्या जतनविषयक धोरणाची कसोटी लागणार आहे.

तथापि आजवरच्या प्रयत्नांचा कल पश्चिमेकडील शासकीय नागपूरकडे अधिक राहिला. त्या वास्तू भक्कम आहेत व शासनाच्या मालकीच्या असल्याने त्यांच्यावर खर्च करणे सोपे जाते. पूर्वेकडचे गोंड-भोसलेकालीन शहर मात्र खाजगी, दाट वस्तीचे व नाजूक आहे. त्याची झीज लवकर होते आणि झालेली झीज भरून येत नाही. केवळ ब्रिटिश इमारतींवर उभारलेले पर्यटन शहराच्या इतिहासाचा अर्धाच भाग सांगेल, आणि तोही जेत्यांचा. या दोन नागपुरांना जोडणारा जुना दुवा म्हणजे अंबाझरीपासून सीताबर्डी व महालावरून पूर्वेकडे वाहणारी नाग नदी. तिच्या काठाने चालत गेल्यास तिन्ही राजवटींचा मागोवा थोड्या अंतरात घेता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार २४,०५,६६५ लोकसंख्या असलेल्या या शहरात नदीची शुद्धी, वाड्यांच्या मालकांना साहाय्य आणि बंद वास्तू ठराविक दिवशी खुल्या करणे, ही कामे खर्चिक स्मारकांपेक्षा आधीची आहेत. ती झाल्यास पर्यटक येतील; आणि ते आले नाहीत, तरी रहिवाशांना त्यांची नदी व त्यांचे शहर परत मिळेल.